उंट की डुकरं? सेव्हिलच्या शेवटच्या अब्बादी राजामागचा इतिहास

काही माणसं इतिहासात एका वाक्यापुरती उरतात. दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिलचा अकराव्या शतकातला मुसलमान राजा अल-मुतमिद याच्या वाट्याला आलेलं वाक्य असं : ‘कास्तीलमध्ये डुकरं वळण्यापेक्षा आफ्रिकेत उंट वळलेले बरे.’ मोरोक्कोचं सैन्य समुद्रापलीकडून बोलावू नका म्हणून विनवणाऱ्या आपल्या मुलाला त्याने हे उत्तर दिलं, असं अरबी बखरकार सांगतात.

वाक्य चटकदार आहे, म्हणून नऊशे वर्षं टिकलं. स्पेनमधल्या मुसलमानी राजवटींवर कुणी चार ओळी लिहायला बसला की ते येतंच, आणि त्यातून अर्थ काढला जातो तो धर्माचा : ख्रिस्ती राजापुढे वाकण्यापेक्षा त्याने स्वधर्मीयांची गुलामी पत्करली. पण हे बोलण्याआधी कितीतरी वर्षं सेव्हिलचा खजिना त्याच कास्तीलच्या, म्हणजे उत्तरेकडच्या ख्रिस्ती राज्याच्या, राजाला सोनं मोजत होता, आणि बोलल्यावर पाच वर्षांच्या आत अल-मुतमिदने मदतीसाठी हात पसरला तोही त्याच राजापुढे. तेव्हा उंट आणि डुकरं जरा बाजूला ठेवून आधी हिशेबाची वही उघडलेली बरी.

सुरुवात कोर्दोबाच्या पडझडीपासून करावी लागते. 929 साली तिथल्या उमय्या घराण्यातल्या अब्द अल-रहमान तिसऱ्याने स्वतःला खलिफा म्हणवून घेतलं, आणि पुढची सत्तरेक वर्षं पश्चिम युरोपात त्या शहराच्या तोडीचं शहर शोधून सापडलं नसतं. खलिफाच्या नावाने कारभार हाकणारा जबरदस्त वजीर अल-मन्सूर 1002 मध्ये वारला. 1009 मध्ये यादवी पेटली, आणि 1031 मध्ये खिलाफतच मोडीत निघाली. बहमनी राज्य फुटून दख्खनेत पाच शाह्या झाल्या, तसाच हा प्रकार. फक्त इथे एका वेळी वीस-तीस उभ्या राहिल्या. अरबीत त्यांना ‘तैफा’ म्हणतात, म्हणजे तट. कुठे जुनी अरब घराणी, कुठे बर्बर सरदार, कुठे राजवाड्यातले स्लाव्ह गुलाम-अधिकारी. प्रत्येकाने कोर्दोबाच्या थाटाची लांबलचक पदवी घेतली, प्रत्येकाने पदरी कवी बाळगले, आणि प्रत्येकाचा डोळा शेजाऱ्याच्या किल्ल्यावर.

सेव्हिलमध्ये 1023 साली सत्ता आली ती शहराच्या काझीच्या हाती. हा अल-मुतमिदचा आजा, अब्बादी घराण्याचा पहिला सत्ताधीश. गावात वजन होतं, जमीनजुमला होता, पण राज्य करण्याचा हक्क कुठून आणायचा? काझीने नामी शक्कल लढवली. पूर्वी यादवीत नाहीसा झालेला खलिफा हिशाम दुसरा जिवंत सापडला, असं त्याने जाहीर केलं. सापडलेला इसम होता खलफ नावाचा चटया विणणारा. चेहरेपट्टी म्हणे जुळत होती. पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सेव्हिलचा तोतया त्याच्यापेक्षा फार सोयीचा निघाला : तो पडद्याआड बसून राही, आणि त्याच्या नावाने फर्मानं काझी काढी. जवळजवळ दोन तपं हे सोंग चाललं. पुढे गरज सरली तेव्हा काझीच्या मुलाने ‘खलिफा वारले’ असं जाहीर करून ते उरकून टाकलं.

या मुलाचं, म्हणजे अल-मुतमिदच्या बापाचं नाव अल-मुतदिद. दोन्ही नावांची हटकून गल्लत होते, म्हणून यापुढे त्याला नुसता बापच म्हणू. 1042 ते 1069 या काळात बापाने पश्चिमेकडची लहान राज्यं एकामागून एक गिळली : मेर्तोला, निएब्ला, वेल्वा, सिल्वेस. दक्षिणेतल्या बर्बर सरदारांना त्याने पाहुणे म्हणून बोलावलं, हमामात नेलं, बाहेरून दार चिणून घेतलं आणि आतली हवा तापवत ठेवली. मारलेल्या शत्रूंच्या कवट्यांच्या कुंड्या करून त्यांत त्याने फुलझाडं लावली होती, असं लिहून ठेवलेलं आहे. थोरल्या मुलाने बंड केलं तर त्याचा जीवही त्याने स्वतःच्या हाताने घेतला. आणि हाच माणूस कविता उत्तम करी. पण उत्तरेकडून लेओन-कास्तीलचा फर्नांदो पहिला सैन्य घेऊन आला, तेव्हा या वाघाने लढाई दिली नाही. खंडणी कबूल केली, आणि वर संत इसिदोरच्या अस्थीही बांधून दिल्या. 1063 मध्ये त्या सेव्हिलहून लेओनला गेल्या. अल-मुतमिदला वारशात जे मिळालं, त्यात हा करारही होता.

अल-मुतमिदचा जन्म 1040 च्या सुमारास, आजच्या पोर्तुगालमधल्या बेजा इथे झाला. ऐन पोरवयात बापाने त्याला सिल्वेसचा कारभारी करून पाठवलं. तिथे त्याला इब्न अम्मार भेटला, गरीब घरातला, पोटासाठी दारोदार स्तुतिकवनं विकत फिरणारा, त्याच्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठा. दोघांची जोडी अशी जमली की बापाला ती खुपली आणि त्याने इब्न अम्मारला हद्दपार केलं. 1069 मध्ये गादीवर आल्याबरोबर अल-मुतमिदने मित्राला परत बोलावून घेतलं. ‘काय हवं ते माग’ म्हटल्यावर इब्न अम्मारने सिल्वेसचा कारभार मागितला. त्याला निरोप देताना राजाने रचलेली कविता आजही वाचायला मिळते : माझ्या सिल्वेसच्या घरांना माझा सलाम सांग, आणि विचार, मी त्यांना आठवतो तशी तीही मला आठवतात का.

दुसरी गाठ पडली ती नदीकाठी. ग्वादलकिविरच्या कडेने दोघे मित्र हिंडत होते. वाऱ्याने पाण्यावर लहरी उठल्या. वाऱ्याने पाण्याचं चिलखत विणलं, अशा अर्थाची ओळ राजाने टाकली आणि पुढची मित्राने पुरी करावी म्हणून तो थांबला. इब्न अम्मार अडला. जवळ कपडे धूत असलेल्या मुलीने उत्तर दिलं : गोठलं असतं तर लढाईला काय सुरेख झालं असतं! ती रुमैक नावाच्या माणसाची दासी, म्हणून रुमैकिया. राजाने तिला विकत घेतलं आणि तिच्याशी लग्न केलं. तिचं नाव इतिमाद. ‘अल-मुतमिद’ ही पदवी त्याने तिच्या नावाच्या धातूवरूनच निवडली, असं म्हणतात. नदीकाठची गोष्ट जरा जास्तच गोंडस आहे हे मान्य. पण ज्या दरबारात वजिरी कवितेवर मिळायची, त्या दरबाराने आपल्या राणीबद्दल अशी गोष्ट सांगणं अगदी साहजिक होतं.

रुमैकियाचीच दुसरी गोष्ट चिखलाची. विटांसाठी माती तुडवणाऱ्या बाया पाहून तिलाही तसंच अनवाणी चिखल तुडवावासा वाटला. राजाने वाड्याच्या अंगणात कस्तुरी, कापूर आणि सुगंधी द्रव्यं गुलाबपाण्यात कालवून चिखल करून दिला. पुढे कधीतरी भांडणात ती म्हणाली, ‘तुमच्याकडून मला कधी म्हणून सुख लाभलं नाही.’ राजा एवढंच म्हणाला, ‘चिखलाच्या दिवशीसुद्धा नाही?’ चौदाव्या शतकात ही गोष्ट कास्तीलमधल्या एका कथासंग्रहातही शिरली, म्हणजे शत्रूलाही ती आवडली. हा चिखल लक्षात ठेवावा, पुढे तो परत येणार आहे.

आता पैशाकडे. लॅटिन कागदांत या खंडणीला ‘पारिया’ म्हणतात. चौथाई माहीत असलेल्याला तिचं गणित वेगळं समजावून सांगायला नको : द्या, म्हणजे आम्ही लुटणार नाही, आणि दुसऱ्याने लुटलं तर बघून घेऊ. आफ्रिकेतून येणारं सोनं तैफांच्या टाकसाळींत पडे आणि नाणी होऊन उत्तरेला जाई. ख्रिस्ती राजे एकमेकांचे शत्रू, मुसलमान राजेही एकमेकांचे शत्रू, त्यामुळे कोण कुणाच्या बाजूने लढतोय याला धर्माचा काही धरबंध नव्हता. 1072 मध्ये फर्नांदोचा मुलगा आल्फोन्सो सहावा, पुढे लेओन-कास्तीलचा राजा झाला तो, भावाने हाकलून लावल्यावर आसऱ्याला गेला तो तोलेदोच्या मुसलमान राजाकडे. 1079 मध्ये सेव्हिलची खंडणी गोळा करायला आल्फोन्सोचा सरदार रोद्रिगो दियास आला होता, पुढे ‘एल सिद’ म्हणून गाजला तोच. त्याच वेळी ग्रानादाच्या सैन्याने सेव्हिलवर चाल केली, आणि त्या सैन्यातही आल्फोन्सोचेच दुसरे सरदार होते. काब्रा इथे लढाई झाली. एका ख्रिस्ती राजाचे सरदार दोन मुसलमान राजांच्या वतीने आपसात लढले, आणि रोद्रिगो जिंकला.

आल्फोन्सोचा हिशेब मात्र याहून लांबचा होता. ग्रानादाचा राजा अब्दुल्ला याने पुढे कैदेत आत्मचरित्र लिहिलं. सिस्नांदो नावाचा आल्फोन्सोचा माणूस आपल्याला तोंडावर काय म्हणाला, ते त्यात आहे : हा मुलूख मुळात ख्रिश्चनांचा. तो परत घ्यायचा तर आधी तुम्हाला पैशाने आणि माणसांनी खिळखिळं करायचं. मग आपसूक हाती येईल. गंमत म्हणजे या सिस्नांदोने तरुणपणी सेव्हिलच्या दरबारात, अल-मुतमिदच्या बापाकडे, नोकरी केलेली होती. घरातलं सगळं त्याला माहीत होतं.

खंडणी द्यायची तर कर वाढवायचे, कर वाढवले की धर्मशास्त्री ओरडणार, कारण कुराणाने सांगितल्याबाहेरचा कर त्यांच्या मते बेकायदा. कर पुरले नाहीत की नाण्यातलं सोनं कमी करायचं. तिथेच ठिणगी पडली. 1082 मध्ये आल्फोन्सोने पाठवलेला वसुलीदार इब्न शालिब, हा यहुदी होता, सेव्हिलबाहेर तंबू ठोकून बसला आणि आणलेली नाणी हिणकस म्हणून त्याने परत केली. शुद्ध सोनं द्या, नाहीतर पुढच्या वेळी शहरंच घेऊ, असं वर बोलला. अल-मुतमिदने त्याला सुळावर चढवलं आणि बरोबरच्या ख्रिस्ती सरदारांना कोठडीत घातलं. आल्फोन्सो सूड घेत मुलूख जाळत दक्षिणेला थेट तारिफापर्यंत गेला. तिथे समुद्रात घोडा घालून ‘हे स्पेनचं टोक, आणि मी ते तुडवलं’ असं तो म्हणाला, अशी आख्यायिका आहे.

याच काळात घरातली मैत्रीही नासली. इब्न अम्मारचे दिवस आधी फार चढते होते. आल्फोन्सो सेव्हिलवर चालून आला असता त्याने त्याला बुद्धिबळात हरवून परत धाडलं, असं म्हणतात. आबनूस आणि चंदनाचा तो पट पाहून आल्फोन्सोला मोह आवरला नाही आणि त्याने पण लावला. परत गेला खरा, पण त्या वर्षी खंडणी दुप्पट घेऊन गेला. मग मुर्सिया जिंकायला गेलेला इब्न अम्मार तिथेच राजासारखा वागू लागला. दोघांमध्ये कवितेतूनच चिखलफेक झाली. इब्न अम्मारने रुमैकियाच्या कुळावर आणि तिच्या मुलांवर ओळी लिहिल्या, त्या मात्र राजा विसरणार नव्हता. मुर्सियातून हाकलला गेल्यावर तो या दरबारातून त्या दरबारात भटकला, शेवटी पकडला गेला आणि बोली लावून विकला गेला. अल-मुतमिदने विकत घेतलं. कोठडीतून त्याने पाठवलेल्या कवितेने राजा पाघळला होता. तेवढ्यात ‘मी सुटणार’ अशी बढाई त्याने बाहेर लिहून धाडल्याचं कळलं. राजा कुऱ्हाड घेऊन स्वतः कोठडीत उतरला आणि जीव जाईपर्यंत घाव घालत राहिला. या माणसाला नुसता हळवा कवी म्हणून रंगवणारे हा प्रसंग दोन ओळींत उरकतात. बापाचं रक्त त्याच्यात होतंच.

25 मे 1085 रोजी आल्फोन्सो तोलेदोत शिरला. आता खंडणीचा खेळ संपला होता, थेट मुलूख जाऊ लागला होता. सेव्हिल, ग्रानादा आणि बादाखोस यांनी मिळून युसुफ इब्न ताशफीनला बोलावणं पाठवलं. युसुफ सहारातल्या लमतुना बर्बर टोळीचा, मुराबित पंथाचा नेता. त्यांच्यात तोंडावर बुरखा पुरुष घेत. लोकरीचे कपडे, जवाची भाकरी, उंटाचं मांस आणि दूध यांवर राहणारा, सत्तरीला आलेला कडवा माणूस. मराकेशला राजधानी ठेवून त्याने सगळा मोरोक्को एक केलेला. अल-मुतमिदला पाहुण्याचा धोका कळत नव्हता असं नाही. उंट-डुकरांचं वाक्य त्याचाच पुरावा आहे : आपण उंट वळणार हे त्यात गृहीतच धरलेलं आहे.

23 ऑक्टोबर 1086, शुक्रवार. बादाखोसजवळ झल्लाका इथे लढाई झाली. पहिला मारा सेव्हिलच्या तुकडीने झेलला. अल-मुतमिदखाली तीन घोडे पडले, डोक्याला आणि हाताला जखमा झाल्या, तरी त्याने जागा सोडली नाही. मग युसुफने मागून वळसा घालून आल्फोन्सोच्या छावणीवर झडप घातली. आल्फोन्सो मांडीला जखम घेऊन कसाबसा निसटला. विजयाची चिठ्ठी अल-मुतमिदने कबुतराच्या पायाला बांधून सेव्हिलला मुलाकडे पाठवली. मुलगा वारल्याची बातमी आल्याने युसुफ लगेच आफ्रिकेत परतला.

दोघांच्या स्वभावांत किती अंतर होतं, याचा एक किस्सा आंदालुसी, म्हणजे मुसलमानी स्पेनमधले, लोक खवचटपणे सांगत. युसुफ गेल्यावर अल-मुतमिदने त्याला पत्रात एक जुना शेर लिहिला : तुम्ही गेलात आणि आमचे दिवस काळे झाले; तुम्ही होता तेव्हा रात्रीही शुभ्र होत्या. अरबी जेमतेम समजणाऱ्या युसुफने विचारलं, ‘काळ्या आणि गोऱ्या दासी मागतोय का?’

1088 मध्ये युसुफ पुन्हा आला. आलेदोच्या किल्ल्याला वेढा पडला, पण तैफांचे राजे तिथेही एकमेकांच्या चहाड्या करत बसले आणि वेढा फसला. युसुफने पाहायचं ते पाहिलं. 1090 मध्ये तिसऱ्यांदा आला तो ख्रिश्चनांसाठी नाही, या राजांसाठी. बेकायदा कर, दारू, ख्रिस्ती राजाशी संगनमत असे आरोप धर्मशास्त्र्यांनी फतव्यात लिहून दिलेच होते. आधी ग्रानादा गेलं. अल-मुतमिद त्याबद्दल अभिनंदन करायला गेला, बहुधा आपल्याला ग्रानादा मिळेल या आशेने, आणि थंड स्वागत पाहून मुकाट परतला.

मार्च 1091 मध्ये कोर्दोबा पडलं, तिथे त्याचा मुलगा फतह मारला गेला. आता उंटवाल्यांविरुद्ध अल-मुतमिदने मदत मागितली ती आल्फोन्सोकडे, आणि आल्फोन्सोने सरदार आल्वार फान्येस याला फौज देऊन पाठवलंही. त्या फौजेचा वाटेतच पराभव झाला. सप्टेंबर 1091 मध्ये सेव्हिलच्या तटाला खिंडार पडलं. अल-मुतमिद चिलखताशिवाय, पातळ सदऱ्यानिशी तलवार घेऊन रस्त्यात उतरला. एक मुलगा तिथेच पडला. रोंदा सांभाळणाऱ्या दुसऱ्या मुलाला अल-मुतमिदने शरण जायचं पत्र लिहिलं. तो शरण आला, आणि शब्द मोडून त्यालाही मारलं. राजाला आणि कुटुंबाला नावेत घातलं, तेव्हा ग्वादलकिविरच्या दोन्ही काठांवर माणसं रडत उभी होती.

फतहची विधवा झाइदा आल्फोन्सोच्या आश्रयाला गेली. तिचा आल्फोन्सोपासून झालेला मुलगा सांचो 1108 मध्ये उक्लेसच्या लढाईत मारला गेला. इंग्लंडचं राजघराणं या झाइदामार्फत पैगंबरांच्या वंशातलं ठरतं, अशी बातमी अधूनमधून मोबाइलवर फिरते. ती झाइदाला अल-मुतमिदची मुलगी समजते; अरबी साधनांत ती सून आहे. शिवाय अब्बादी घराणं स्वतःला इस्लामपूर्व इराकातल्या हिरा इथल्या लखमी अरब राजांचं वंशज म्हणवी, पैगंबरांचं नाही.

कैद्याला तांजिरला उतरवलं, तिथे अल-हुस्री नावाचा कवी त्याच्यापुढे स्तुतिकवन घेऊन आला. अल-मुतमिदने जोड्यात लपवलेली, स्वतःच्या रक्ताचे डाग पडलेली 36 नाणी त्याला दिली, आणि कमी दिल्याबद्दल माफी मागणारी कविता सोबत जोडली. ते कळताच गावातले झाडून सगळे कवी गोळा झाले.

मराकेशच्या दक्षिणेला, ॲटलासच्या पायथ्याशी अघमात नावाचं गाव आहे. पुढची चार वर्षं तो तिथे होता. त्याच्या सगळ्या आयुष्यातली चांगली कविता इथली आहे, असं माझं मत. सेव्हिलमधली गाणी सफाईदार आहेत, पण तशी त्या काळात दहाजण लिहीत. अघमातमध्ये पायातल्या बेडीला तो सापासारखी विळखा घालणारी म्हणतो. डोक्यावरून उडत जाणारा रानपाखरांचा थवा पाहून त्याला त्यांचा हेवा वाटत नाही; त्यांची पिल्लं त्यांना सुखरूप राहोत, एवढंच तो मागतो. ईदच्या दिवशी मुली भेटायला आल्या, त्या फाटक्या वस्त्रांत, अनवाणी. पोटासाठी त्या सूत कातत. एकीला तर बापाच्या पदरी शिपाई असलेल्या माणसाच्या घरचं सूत कातावं लागलं. त्या ईदवरच्या कवितेत तो म्हणतो : अनवाणी पायांनी चिखल तुडवताहेत, जणू या पायांनी कस्तुरी आणि कापूर कधी तुडवलेच नव्हते. चिखलाची दंतकथा या ओळीतूनच निघाली असावी, असं मला वाटतं. आधी अघमातचा चिखल, मागून सेव्हिलचा.

बुसैना नावाची एक मुलगी लुटीत हरवली होती. सेव्हिलच्या एका व्यापाऱ्याने तिला दासी म्हणून घेऊन आपल्या मुलाला दिलं. तिने आपण कोण ते सांगितलं, आणि वडिलांच्या संमतीने लग्न झाल्याशिवाय जवळ येऊ देणार नाही म्हणाली. संमतीसाठी तिने अघमातला पत्र पाठवलं, तेही कवितेत. बापाने संमती दिली.

इतिमाद त्याच्या आधी गेली. 1095 मध्ये तो गेला. स्वतःच्या कबरीवरच्या ओळी त्याने आधीच लिहून ठेवल्या होत्या. त्यांची सुरुवात आहे ‘परदेशी माणसाच्या कबरी’ अशा हाकेने. अंत्यविधीची दवंडी पिटली गेली तीही नाव न घेता : परदेशी माणसाच्या नमाजाला या.

चौदाव्या शतकात ग्रानादाचा वजीर इब्न अल-खतीब ती कबर शोधत आला आणि तिच्यापाशी कविता म्हणून गेला. तोही पुढे मोरोक्कोतच हद्दपार होऊन मेला. सप्टेंबर 1924 मध्ये ब्लास इन्फान्ते नावाचा एक आंदालुसियन नोटरी अघमातला पोहोचला; आंदालुसियाच्या स्वायत्ततेचा हा पुढारी, हिरव्या-पांढऱ्या झेंड्याचा कर्ता, आणि अल-मुतमिदवर त्याने नाटकही लिहिलेलं होतं. 1936 च्या ऑगस्टमध्ये, स्पेनमधली यादवी सुरू झाली तेव्हा, बंडखोर सेनानी फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी त्याला सेव्हिलबाहेर गोळ्या घातल्या. कबरीवर आज दिसतो तो लहानसा घुमट 1970 चा आहे. आत तीन कबरी आहेत : त्याची, इतिमादची, आणि एका मुलाची.